ताप अंगात, बरळणं डोक्यात: मधल्या पेशी काय करतात?

पंच्याहत्तरीच्या आजींना लघवीचा संसर्ग होतो. ताप १०१, तोही पॅरासिटामॉलने उतरणारा. पण रात्री त्या उठून बसतात, कधीच गेलेल्या जाऊबाईंशी बोलतात, पोटच्या लेकीला 'तू कोणाची गं?' म्हणून विचारतात. सकाळी बऱ्या असतात, दिवेलागणीला पुन्हा तेच. घरातली जुनी माणसं म्हणतात, 'वात झाला'. डॉक्टर म्हणतात, डिलिरियम. डोक्याचा सीटी स्कॅन काढला तर बहुतेक वेळा त्यात वयाला साजेसंच दिसतं. जंतू मूत्राशयात आहेत, मेंदूत एकही गेलेला नाही. तरी बिघडलं ते डोकं.

हे कोडं सोडवायचं तर रक्त आणि मेंदू यांच्या मधोमध बसलेल्या एका पेशीकडे पाहावं लागतं. तिच्याबद्दल सर्रास वाचायला मिळतं ते असं: मेंदूभोवती एक भिंत असते, आजारपणात ती फुटते, मग नको ते आत शिरतं. वर्णन सोपं आहे, पण त्याने निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. ही भिंत जिवंत पेशींची आहे. रक्तातले निरोप या पेशींना कळतात, आणि निरोप कळला की काय बनवायचं आणि काय थांबवायचं हे त्या बदलतात. आजींच्या बाबतीत जे घडतं त्यातलं पुष्कळसं या बदलात आहे.

## बारा बाय बाराची खोली, जाडी मात्र नगण्य

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला: रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंग धरतो, मध्ये काहीतरी आडवं येतं. ते नेमकं कुठे, हे १९६७ मध्ये थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. उंदराच्या रक्तात सोडलेलं एक प्रथिन मेंदूच्या केशवाहिनीच्या आतल्या अस्तरापाशी, दोन पेशींच्या सांध्यात अडकून पडलं होतं.

हे अस्तर म्हणजेच रक्त-मेंदू अडथळा. केशवाहिन्यांभोवती इतर पेशींचा वेढा असतो आणि त्यांची मदतही लागते, पण मुख्य काम या अस्तरपेशींचं. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी भरते सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते पणजी. त्यांच्या आतल्या बाजूचं क्षेत्रफळ १२ ते १८ चौरस मीटर, साधारण बारा बाय बाराच्या खोलीएवढं. आणि अस्तराची जाडी? केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास.

एवढ्या पातळ पापुद्र्याने अडवायचं कसं? चार गोष्टींमुळे.

पहिली, सांधे. दगडी बांधकामात दगडांमधल्या फटी चुन्याने बुजवतात, त्याला दर्जा भरणं म्हणतात. मेंदूच्या अस्तरपेशींमधल्या दर्जा क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी भरलेल्या असतात. विजेचा प्रवाह या अस्तरातून किती अडतो हे मोजता येतं: स्नायूंसारख्या इतर ठिकाणच्या वाहिन्यांत हा आकडा दर चौरस सेंटिमीटरच्या हिशोबाने २ ते २० ओहम, तर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वाहिन्यांत हजार ते दोन हजार. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी क्लॉडिन-५ मुळीच नसलेले उंदीर तयार केले. दिसायला त्यांच्या वाहिन्या ठीक होत्या, पण ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणू आत झिरपत होते. (ग्लुकोज १८० डाल्टनचा, रक्तातलं अल्ब्युमिन ६६,००० चं.) ती पिल्लं जन्मानंतर दहा तासांत मेली.

दुसरी, पंप. ग्लूट-१ नावाचं दार ग्लुकोज आत घेतं, तर पी-ग्लायकोप्रोटीन नको ते रेणू पकडून रक्तात परत फेकतं. जुलाब थांबवायचं लोपेरामाइड हे खरं तर अफूच्या घराण्यातलं औषध आहे. नेहमीच्या मात्रेत ते घेऊन नशा येत नाही, कारण हा पंप त्याला मेंदूत टिकू देत नाही. १९९४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये हा पंप नसलेल्या उंदरांवर गोचिडासारख्या बारीक किड्यांसाठी आयव्हरमेक्टिन फवारलं आणि उंदीरच मेले. बाकीच्या उंदरांना काहीही झालं नाही.

तिसरी, पिशव्यांची टंचाई. इतर अवयवांतल्या अस्तरपेशी बारीक पिशव्या भरून माल या बाजूने त्या बाजूला नेत असतात. मेंदूत ही वाहतूक जवळपास बंद ठेवलेली असते. त्यावर दाब ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव एमएफएसडी२ए. २०१४ मध्ये ते नसलेल्या उंदरांत सांधे शाबूत असूनही अडथळा गळताना दिसला.

चौथी गोष्ट म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे आकडे (हुक) इथे फार कमी असतात, त्यामुळे त्या घसरत पुढे निघून जातात.

## दप्तर एकच, नकला वेगळ्या

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएचं तेच दप्तर असतं. त्यात प्रथिनं बनवण्याच्या सुमारे २०,००० नोंदी आहेत; एक नोंद म्हणजे एक जनुक. दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही. हव्या त्या नोंदीची नक्कल काढायची, ती बाहेर पाठवायची, आणि तिच्यावरून प्रथिन घडवायचं, अशी रीत. तलाठी कार्यालयातलं मूळ दप्तर जागचं हलत नाही, आपल्या हातात येतो तो सातबाऱ्याचा उतारा, तसंच. या नकलेला एमआरएनए म्हणतात. कोणत्या नोंदीच्या किती नकला निघत आहेत, त्याला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. हा जड शब्द इथेच ठेवू आणि यापुढे नुसतं 'नकला' म्हणू.

नकलांचा कागद हलका असतो. काही अर्ध्या तासात विरतात, काही दिवसभर टिकतात. म्हणून एखाद्या प्रथिनाचा पुरवठा चालू ठेवायचा तर नकला सतत निघत राहाव्या लागतात.

यावरून एक शंका लगेच येते: दाहामुळे 'जीन बदलतात' म्हणजे ते मुलाबाळांत उतरणार का? नाही. नोंदीतलं अक्षरही बदलत नाही. बदलतो तो नकलांचा आकडा, आणि तोही त्या पेशींपुरता.

आता खरी गंमत. मेंदूच्या अस्तरपेशीला मेंदूची अस्तरपेशी बनवतं कोण? १९८१ मध्ये एका प्रयोगात लावा पक्ष्याच्या गर्भातला, रक्तवाहिन्या नसलेला मेंदूचा तुकडा कोंबडीच्या गर्भाच्या पोटात बसवला गेला. पोटातल्या वाहिन्या त्या तुकड्यात शिरल्या आणि अडथळ्याचे गुण दाखवू लागल्या. त्या मुळात पोटाच्या वाहिन्या होत्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! इथे वाण म्हणजे दप्तर आणि गुण म्हणजे नकला. मेंदूतल्या शेजारपेशी विंट नावाचा एक निरोप अखंड देत राहतात, म्हणून या अस्तरपेशी क्लॉडिन-५ आणि ग्लूट-१ च्या नकला भरपूर काढतात. हा गुण एकदा लागला की कायमचा, असंही नाही. तो रोज राखावा लागतो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

## निरोप येतो, कारकून दप्तरखान्यात शिरतो

दाह म्हणजे संसर्गाला किंवा इजेला शरीराने दिलेलं उत्तर. मूत्राशयातल्या जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात काही प्रथिनं सोडतात: टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६. हे निरोपे. रक्तातून फिरत ते मेंदूच्या केशवाहिन्यांतही पोचतात. त्यांना मेंदूत शिरायची गरज नसते. अस्तरपेशीच्या रक्ताकडच्या बाजूला त्यांना ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) बसलेलेच असतात.

पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन वाट पाहत असतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. (त्यातला कप्पा हे ग्रीक अक्षर आहे, कपाटाच्या कप्प्याशी त्याचा संबंध नाही.) ठरावीक नोंदींच्या नकला काढायला लावणं हे त्याचं काम, म्हणून त्याला कारकून म्हणू. एरवी एक शिपाई त्याचा हात धरून त्याला केंद्रकाबाहेर थोपवून ठेवतो. टीएनएफचा निरोप आला की पाच ते पंधरा मिनिटांत शिपाई नष्ट केला जातो. कारकून मोकळा होतो आणि दप्तरखान्यात शिरतो.

तो मागवतो त्या पहिल्या नकलांत शिपायाचीही एक असते! तासाभरात नवा शिपाई घडतो आणि कारकुनाला ओढून बाहेर आणतो. निरोप थांबला असेल तर प्रकरण तिथेच मिटतं. निरोप येतच राहिला तर नवा शिपाईही जातो आणि कारकून पुन्हा आत. साधा पडसा आणि आठवडाभर चाललेला सेप्सिस (संसर्गाने अंगभर उसळलेला दाह) यांतला पेशीच्या पातळीवरचा फरक बराचसा इथे आहे.

वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे. ई-सिलेक्टिन नावाचा आकडा चार ते सहा तासांत पेशीच्या पृष्ठभागावर सर्वाधिक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ हे आकडे मागून येतात आणि जास्त टिकतात. आता गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि जाणाऱ्या पांढऱ्या पेशी आधी लोळत, मग चिकटत थांबतात. शिवाय अस्तरपेशी स्वतःही निरोपे बनवू लागते. 'इकडे या' असं पांढऱ्या पेशींना सांगणारे. मेंदूच्या हिवतापात हेच आकडे उलटतात: फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी आयकॅम-१ ला चिकटून मेंदूच्या केशवाहिन्या तुंबवतात. गडचिरोलीत फॅल्सिपेरमच्या रुग्णात शुद्ध हरपणं हे तातडीचं लक्षण मानतात, त्यामागे ही यंत्रणा आहे.

त्याच वेळी काही नकला घटतात. टीएनएफमुळे मोकळा झालेला हाच कारकून क्लॉडिन-५ ची नक्कल काढण्याच्या जागेवर दाब आणतो, असं उंदरांच्या मेंदूतल्या अस्तरपेशींत दिसलं आहे.

आणि एक तिसरा प्रकार, जो मला सगळ्यांत बोलका वाटतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या रिचर्ड डेनमन यांच्या गटाने उंदरांत चार वेगवेगळे आजार उभे केले: पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा (ज्यात शरीराच्याच पांढऱ्या पेशी चेतातंतूंचं आवरण कुरतडतात) आजार, डोक्याला मार, आणि फिट. चारहींत मेंदूच्या अस्तरपेशींच्या नकला मोजल्या. कारणं निराळी, पण बदलांत एक सामायिक गाभा निघाला. त्या गाभ्यातल्या नकला बऱ्याच अंशी अशा, ज्या एरवी इतर अवयवांतल्या अस्तरपेशींत आढळतात. म्हणजे दुखावलेली मेंदूची अस्तरपेशी फुफ्फुसातल्या किंवा मूत्रपिंडातल्या बहिणींसारखी वागू लागते. ढवळ्याने लावलेला गुण सुटतो आणि मूळचा पवळ्या दिसू लागतो.

## मग ताप येतो तो कुठून?

दाहाने बदललेल्या नकलांचा परिणाम आपण सगळ्यांनी अनुभवलेला आहे. इंटरल्युकिन-१ चा निरोप मिळाल्यावर मेंदूच्या अस्तरपेशी कॉक्स-२ आणि त्याच्या जोडीच्या आणखी एका एन्झाइमच्या नकला काढतात. ही दोघं मिळून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा छोटा, तेलकट रेणू बनवतात. तो आत झिरपून तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत जातो आणि तिथला काटा वर सरकवतो. थंडी वाजते, अंग तापतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कॉक्सलाच अडवतात, म्हणून ताप उतरतो. कारकुनाने काढलेल्या बाकीच्या नकला मात्र तशाच असतात. १०१ चा ताप ९८ वर आला म्हणून आजी लगेच भानावर येत नाहीत, त्याचं हे एक कारण.

यात अडथळा कुठेही फुटलेला नाही. जंतू आत गेले नाहीत, टीएनएफसुद्धा जायला नको. अस्तरपेशीने बाहेरचा निरोप ऐकला आणि आतल्या बाजूला स्वतःच्या भाषेत पुन्हा सांगितला. दुभाषाच म्हणा. आतल्या बाजूला मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूच्या पहारेकरी पेशी सावध होतात, चेतापेशींची देवाणघेवाण विस्कटते. हाच एकमेव रस्ता नाही. पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नसही बातमी पोचवते. पण वयाने अस्तरपेशींचा हा रस्ता रुंद होतो. २०१९ मधल्या एका अभ्यासात म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूच्या अस्तरपेशींवर व्हीकॅम-१ आधीच वाढलेलं आढळलं, आणि म्हाताऱ्यांचा रक्तद्रव तरुण उंदरांना दिल्यावर त्यांच्यातही ते वाढलं. ज्या पेशी निरोपाआधीच निम्म्या जाग्या आहेत, त्यांना लहानसा संसर्गही पुरतो.

## पण गळती तर मिनिटांतही होते ना?

होते, आणि तिचा नकलांशी संबंध नाही. हिस्टामीन, ब्रॅडिकायनिन, थ्रॉम्बिन हे पदार्थ पेशीच्या आतल्या दोऱ्या आवळतात, पेशी आकसते आणि सांधा उघडतो. नक्कल निघून प्रथिन घडायला तास लागतात, दोरी आवळायला मिनिटं पुरतात. शिवाय मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९ सारखी कात्रीवजा प्रथिनं तयार सांधे कुरतडतात. म्हणून 'दाहाने अडथळा उघडला' असं वाक्य वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: किती वेळाने मोजलं?

पी-ग्लायकोप्रोटीनच्या बाबतीत तर वेळेनुसार दिशाच पालटते. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतून सोडवलेल्या केशवाहिन्यांवर टीएनएफ टाकलं तर तासाभरात पंप मंदावतो, पंपांची संख्या तेवढीच राहूनही. निरोप सहा तासांपुढे चालू राहिला तर कारकून पंपाच्या नकला वाढवतो आणि पंप पूर्वीपेक्षा जोरात चालतो. एका प्रयोगशाळेने 'कमी होतो' म्हटलं, दुसरीने 'वाढतो' म्हटलं, तरी दोघी खऱ्या असू शकतात.

## उंदरात झालं म्हणून माणसात होईल कशावरून?

शंका रास्त आहे आणि तिच्यात आकड्यांचा मोठा घोळ दडलेला आहे. अडथळा उघडून दाखवायला उंदरांना जिवाणूच्या भिंतीतलं विष, एलपीएस, बऱ्याचदा किलोमागे ३ मिलिग्रॅम देतात, तेही दीड दिवसात तीन वेळा. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत माणसाला थंडी-ताप आणायला किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम पुरतं. फरक दहा लाख पटींच्या आसपासचा. उंदीर या विषाला फार दणकट आहे. त्यामुळे उंदराचा निकाल थेट आजींना लावू नये.

बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींचंही दुखणं आहे. मेंदूच्या शेजारातून बाहेर काढल्या की त्यांचा गुण सुटू लागतो. नेहमी वापरली जाणारी एक मानवी पेशीवंशावळ वीजरोधात ५० ओहमच्या आसपासच अडते. मग मूळपेशींपासून अस्तरपेशी बनवण्याची पद्धत आली. वीजरोध हजारोंत गेला, सगळे खूश. २०२१ मध्ये त्या पेशींच्या नकला बारकाईने तपासल्या तेव्हा कळलं की त्या रक्तवाहिनीच्या पेशी नव्हत्याच. आतडं किंवा त्वचा झाकणाऱ्या पेशींच्या जातकुळीतल्या होत्या. सांधे घट्ट, पण ओळख भलतीच. टीएनएफला त्या काय उत्तर देतात, यावरून मेंदूच्या वाहिन्यांबद्दल काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात.

तिसरा घोळ पेशी सोडवताना होतो. मेंदूचा तुकडा एन्झाइम घालून ३७ अंशाला अर्धा-पाऊण तास ठेवला की पेशी विलग होतात, पण त्या हाताळणीनेच घाबरून ताणाच्या नकला काढतात. फॉस आणि जून या जनुकांच्या नकला एकदम वाढलेल्या दिसल्या तर आधी संशय हाताळणीवर घ्यावा. उपाय म्हणजे थंडगार तापमानात काम करणं, नव्या नकला थांबवणारं रसायन आधीच मिसळणं, किंवा विलग न करताच अस्तरपेशींमधल्या चालू नकला खुणेने वेचून काढणं.

माणसातला थेट पुरावा कमी आहे, पण आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने २०२४ मध्ये लाँग कोव्हिडमध्ये 'ब्रेन फॉग', म्हणजे विचारांवर धुकं आल्याची तक्रार असलेल्यांचा एमआरआय काढला. शिरेतून सोडलेलं गॅडोलिनियम मेंदूत किती झिरपतं हे त्यात मोजतात. धुक्याची तक्रार असलेल्यांत ते जास्त झिरपत होतं. रुग्णांच्या रक्तातला पातळ भाग मेंदूच्या अस्तरपेशींवर टाकला तेव्हा त्या पेशींनी दाहाच्या नकला काढल्या. रुग्णसंख्या काही डझनांतच होती, हे विसरू नये.

## दार उघडलं तर औषधाला बरंच की!

मेंदुज्वरात डॉक्टर या गोष्टीचा फायदा घेतातच. पेनिसिलिन निरोगी अडथळ्यातून जेमतेम जातं, दाह असताना बरंच जास्त. क्षयाच्या मेंदुज्वरातही आयसोनियाझिड आणि पायरॅझिनामाइड कायम नीट पोचतात, पण स्ट्रेप्टोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल मुख्यतः दाह असतानाच. याचा उलटा अर्थ महत्त्वाचा: रुग्ण सुधारला की दार मिटू लागतं. म्हणून मेंदुज्वरात ताप उतरला तरी प्रतिजैविकाचा डोस मध्येच कमी करत नाहीत. 'आता बरं आहे, सलाइन कशाला' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगायला हवं.

जिवाणूंच्या मेंदुज्वरात स्टेरॉइड केव्हा द्यायचं, हा नियम तर कारकुनाच्या वेळापत्रकावरच बेतलेला वाटतो. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम, प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसच्या १५ ते २० मिनिटं आधी किंवा त्याच्याबरोबर, मग दर सहा तासांनी चार दिवस. मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मुख्य फायदा न्युमोकॉकस या जिवाणूच्या रुग्णांना झाला. आधी का? प्रतिजैविकाने जिवाणू फुटतात, त्यांच्या भिंतीचे तुकडे सांडतात आणि निरोपांचा पूर येतो. कारकून पंधरा मिनिटांत आत शिरतो. स्टेरॉइड दप्तरखान्यात त्याच्या आधी पोचलेलं असेल तरच त्याला रोखता येतं. स्टेरॉइड त्याच्या कामात आडवं येतं, शिपायाच्या नकला वाढवतं, आणि सांध्यातल्या ऑक्लुडिनच्याही. सहा तासांनी दिलेलं स्टेरॉइड म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड. क्षयाच्या मेंदुज्वरातही व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या चाचणीत (२००४) डेक्सामेथासोनने मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. मग प्रत्येक तापात स्टेरॉइड का नको? कारण तेच कारकून जंतूंशी लढायच्या नकलाही काढतात.

पांढऱ्या पेशींना धरणारे आकडेच झाकले तर? हेही करून झालं आहे. व्हीकॅम-१ ला धरणारा पांढऱ्या पेशीवरचा हात बांधून टाकणारं नाटालिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मंजूर झालं. आजाराचे झटके खूप कमी झाले. पण पुढच्याच वर्षी ते बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित पडून असणारा जेसी विषाणू माजला. पांढऱ्या पेशी मेंदूत गस्त घालायला जातात ते उगाच नाही. २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर औषध परत आलं.

या विषयाचं मुंबईशी ताजं नातं आहे ते कार-टी उपचारामुळे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना कर्करोग ओळखायला शिकवून त्या परत सोडतात. पेशी कामाला लागल्या की निरोपांचा लोंढा येतो, आणि या प्रकारच्या उपचारांत काही रुग्ण गोंधळतात, अडखळतात, क्वचित फिट येते. अशा रुग्णांच्या रक्तात अस्तरपेशी खवळल्याची खूण, अँजिओपोएटिन-२, वाढलेली आढळली आहे. म्हणून वॉर्डात रोज रुग्णाकडून एक वाक्य लिहून घेतात आणि शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटे आकडे म्हणून घेतात. अक्षर बिघडलं की नर्स लगेच कळवते. ताप आणि रक्तदाब आवरायला इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणारं टोसिलिझुमॅब चालतं, पण ते मोठं प्रतिपिंड अडथळ्यातून नीट आत जात नाही. डोक्याची लक्षणं दिसली की डेक्सामेथासोनकडे वळतात.

## हळदीचं दूध, 'लीकी ब्रेन'च्या गोळ्या वगैरे

हळदीतलं कर्क्युमिन बशीतल्या पेशींत एनएफ-कप्पा-बीला अडवतं, हे खरं. पण पोटातून ते इतकं थोडं शोषलं जातं की रक्तात बशीतल्या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही. हळदीचं दूध घ्यायला हरकत नाही. घसा शेकतो, झोप लागते. 'अडथळा दुरुस्त करणाऱ्या' गोळ्यांवर महिन्याला दोन-तीन हजार घालवण्याआधी मात्र विचारावं की गळती मोजली कशी. ती मोजायचा जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे पाठीचं पाणी काढून त्यातलं अल्ब्युमिन रक्तातल्या अल्ब्युमिनशी ताडणं. रक्तात ते लिटरला ३५ ते ५० ग्रॅम, पाठीच्या पाण्यात ग्रॅमचा अंश. ऑनलाइन प्रश्नावली भरून हे कळत नाही.

## आजींचं काय करायचं?

पहिलं, निरोप थांबवायचा: संसर्गाचं योग्य प्रतिजैविक पूर्ण दिवस, पुरेसं पाणी, लघवी तुंबली असेल किंवा पोट साफ नसेल तर त्यावर उपाय. दुसरं, मेंदूवर आणखी भार घालायचा नाही. 'रात्रभर झोपतील' म्हणून घरातली सर्दीची जुनी गोळी देऊ नये. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी अँटिहिस्टामिन्स अडथळ्यातून सहज आत जातात आणि गोंधळ वाढवतात. चष्मा नाकावर, श्रवणयंत्र कानात, खोलीत दिवसा उजेड आणि रात्री मंद दिवा, समोर घड्याळ, जवळ ओळखीचं माणूस. मान ताठ होणं, फिट येणं, उलट्यांसह असह्य डोकेदुखी, एका बाजूची शक्ती जाणं किंवा हाका मारूनही न उठणं यांतलं काही दिसलं तर हे 'वात' म्हणून घरी ठेवायचं प्रकरण नाही. तेव्हा जंतू खरोखर आत गेलेले असू शकतात.

आणि घाई करायची नाही. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी आजी आठवडाभर, कधी कधी महिनाभर पूर्ववत होत नाहीत. संसर्ग संपल्याचं मूत्राशयाला कळलेलं असतं. पेशींवरचे आकडे उतरायला, सांधे पुन्हा भरायला आणि आतल्या पहारेकऱ्यांना शांत व्हायला त्यापुढे वेळ लागतो. दरम्यान त्यांनी पुन्हा 'तू कोणाची गं?' विचारलं, तर नाव सांगून पाण्याचा पेला पुढे करावा.